छातीवर कोण बसतं? स्लीप पॅरालिसिस, भुताची भीती आणि श्रद्धेचा प्रश्न

ज्याच्या छातीवर रात्री कोणीतरी येऊन बसलंय त्याला सगळ्यात आधी हे सांगायला पाहिजे की तू खोटं बोलत नाहीयेस आणि तुला वेडबिड लागलेलं नाही. कारण बहुतेक घरांत दोनपैकी एक काहीतरी ऐकायला मिळतं, एकतर "काही नाही रे, स्वप्न पडलं असेल, झोप गप" किंवा मग थेट "याला बाहेरचं काहीतरी लागलंय, कुणाला तरी दाखवायला पाहिजे". आणि ज्याच्यासोबत घडलंय त्याला तर पक्कं माहीत असतं की ते स्वप्न नव्हतं, तो जागा होता, खोलीतलं सगळं दिसत होतं. मग स्वप्न नाही तर उरलं काय, भूत. नीट उत्तर कोणी दिलंच नाही म्हणून माणूस भुताच्या उत्तराकडे ढकलला जातो, आणि या सगळ्या विषयात मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

आधी होतं काय ते नीट बघू. पहाटेची वेळ, डोळे उघडतात. पंखा फिरतोय, त्याचा कुरकुर आवाज येतोय, खुंटीवरचा शर्ट दिसतोय, शेजारच्या कॉटवरचा घोरतोय तेही ऐकू येतंय. कूस बदलायला जावं तर शरीर हलत नाही, हात नाही, पाय नाही, मानसुद्धा नाही. फक्त डोळे फिरतायत. "आई" म्हणून ओरडायला जावं तर घशातून नुसती घरघर, तीही कधी कधी आपल्यालाच ऐकू येते, बाहेर पडतच नाही. मग कळतं की खोलीत कोणीतरी आहे. दिसतंच असं नाही, पण आहे, दाराशी आहे, आणि त्याचं आपल्याकडे लक्ष आहे. ते सरकत जवळ येतं, पायथ्याशी गादी दबल्यासारखी वाटते, छातीवर वजन येतं, श्वास अडकतो, आता मेलोच असं वाटतं. आणि मग पायाचं एखादं बोट हलतं किंवा कोणीतरी हात लावतं आणि क्षणात सगळं गायब, आपण घामाघूम होऊन उठून बसलेलो. हे सगळं काही सेकंदांचं किंवा फार तर थोड्या मिनिटांचं असतं, पण ज्याला होतं त्याला विचारा, युगं गेल्यासारखी वाटतात.

याला म्हणतात स्लीप पॅरालिसिस, आणि त्यामागचं कारण डॉक्टरांना बऱ्यापैकी माहीत आहे.

आपली झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण दर दीड तासाने एक चक्र होतं आणि त्यात एक टप्पा असा येतो की बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरायला लागतात, मेंदू जवळजवळ जागेपणीइतकाच कामात असतो, आणि आपली सगळ्यात ठळक स्वप्नं याच टप्प्यात पडतात. याला रेम झोप म्हणतात. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन अॅसेरिन्स्की आणि नॅथानियल क्लाइटमन यांनी ही जगापुढे मांडली, अॅसेरिन्स्कींनी तर सुरुवातीच्या रात्री स्वतःच्याच लहान मुलाच्या डोळ्यांजवळ इलेक्ट्रोड लावून नोंदी घेतल्या होत्या. मोठ्या माणसाच्या झोपेचा साधारण २० ते २५ टक्के भाग रेम असतो आणि पहाटेकडे तो वाढत जातो, म्हणून पहाटेची स्वप्नं लक्षात राहतात आणि म्हणूनच बऱ्याच जणांना हे प्रकार पहाटे होतात.

आता यातली खरी गंमत. स्वप्नात आपण पळतो, भांडतो, झाडावर चढतो, मग शरीर अंथरुणात शांत कसं पडून राहतं? कारण रेम झोपेत मेंदू शरीराचे स्नायू बंद करून ठेवतो. वायरमन दुरुस्तीला आला की आधी मेनस्विच खाली ओढतो, म्हणजे आत काहीही चाललं तरी झटका बसायला नको, तसंच हे. फ्रान्समध्ये लिओंला मिशेल जूवे यांनी मांजरांच्या मेंदूच्या देठातला एक छोटासा भाग निकामी करून पाहिला, तर ती मांजरं गाढ झोपेतच उठून समोर नसलेल्या सावजावर झडप घालायला लागली, म्हणजे स्वप्न चालू आणि ब्रेक गेलेला. पुढे २०१२ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की हा ब्रेक लावायला ग्लायसिन आणि गाबा ही दोन रसायनं मिळून काम करतात, ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात त्यांनाच ती गप्प बसवतात. म्हणजे तुम्ही, मी, तुमच्या घरातली आजी, सगळे रोज रात्री मिळून दीड-दोन तास लुळे पडलेले असतो. त्यात काहीही आजार नाही, उलट तसं होत नाही तोच आजार.

स्लीप पॅरालिसिसमध्ये एवढंच होतं की जाग आधी येते आणि स्नायू नंतर सुटतात. भान परत आलं, डोळे उघडले, पण रेमचा ब्रेक अजून निघालेला नाही आणि स्वप्न तयार करणारा कारखानाही अजून थांबलेला नाही. म्हणून खोली खरी दिसते आणि त्या खऱ्या खोलीत स्वप्नातलं माणूस उभं राहतं. ज्याला हे होतं तो "मी जागा होतो" म्हणतो तेही खरं आणि डॉक्टर "हे स्वप्नातलं आहे" म्हणतात तेही खरंच.

छातीवरच्या वजनाचं काय? रेममध्ये श्वासाचं काम मुख्यतः छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्यावर, म्हणजे डायफ्रॅमवर असतं, तो बंद होत नाही, नाहीतर आपण रोज रात्री मेलो असतो. पण बरगड्यांमधले स्नायू ढिले पडलेले असतात आणि श्वास आपोआप, उथळ चाललेला असतो. आता तुम्ही घाबरून खोल श्वास घ्यायला जाता आणि तो हुकूम स्नायूंपर्यंत पोचतच नाही. मेंदूला कळतं ते इतकंच की मी छाती फुगवतोय आणि ती फुगत नाहीये, मग काहीतरी वरून दाबतंय. उताणं झोपलेल्याला हे जास्त होतं हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका पिढ्यान्पिढ्या काय सांगत आल्या, "उताणा झोपू नकोस, छातीवर हात ठेवून झोपू नकोस". इस्लाममध्येही उजव्या कुशीवर झोपायची शिकवण आहे. यामागे कुणाला रेम झोप माहीत होती असं मी म्हणत नाही, पण लोकांनी निरीक्षण केलं होतं आणि ते कामाचं होतं, त्याला हसण्यासारखं काही नाही.

आणि खोलीत कोणीतरी असल्याची ती खात्री? रेममध्ये मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग, जो धोका हुंगायचं काम करतो, तो चांगलाच तापलेला असतो. आता जाग येते, शरीर हलत नाही, आणि धोक्याची घंटा वाजतेय, मग मेंदू धोका शोधायला लागतो आणि अंधारात खुंटीवरचा शर्टसुद्धा पुरतो. वॉटरलू विद्यापीठाच्या अॅलन चेन यांनी १९९९ मध्ये असे खूप अनुभव गोळा करून बघितले तर ते साधारण तीन गटांत पडले, एक कोणीतरी खोलीत शिरल्याचा, दुसरा छातीवर दाब आणि गुदमरण्याचा, तिसरा तरंगण्याचा, पडण्याचा, शरीराबाहेर गेल्याचा. तिसरा गट कमी भीतीचा असतो, काहींना तर छान वाटतं.

माणसाचीच आकृती का दिसते यावर अजून काम चालू आहे. पण २००६ साली स्वित्झर्लंडमध्ये एक फार बोलकी गोष्ट घडली. एपिलेप्सीच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, ऑपरेशनच्या आधी तपासणी म्हणून डॉक्टर एका तरुण बाईच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर-मागे असलेल्या एका भागाला हलका करंट देत होते. तो दिला की तिला वाटायचं मागे एक सावलीसारखा माणूस आहे. ती झोपलेली असली तर तो तिच्याखाली झोपलेला, आणि ती बसून गुडघे कवटाळायला लागली तर तो पण बसलेला आणि तिला कवटाळतोय, ते तिला नकोसं वाटायचं. करंट बंद की माणूस गायब. तो भाग आपल्या शरीराचा नकाशा सांभाळतो, माझं शरीर कुठे आहे आणि कुठे संपतं ते. म्हणजे ती सावली तिची स्वतःचीच होती. झोपेचे संशोधक बालंद जलाल आणि आपले तमिळनाडूत जन्मलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी यावरूनच असं मांडलंय की स्लीप पॅरालिसिसमध्ये मेंदू हलायचे हुकूम देतो, शरीराकडून उत्तर येत नाही, नकाशा गोंधळतो आणि तीच आकृती बाहेर उभी दिसते. हे अजून गृहीतक आहे, पण मला ते पटण्यासारखं वाटतं.

किती लोकांना होतं? २०११ मध्ये शार्पलेस आणि बार्बर यांनी ३५ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. सर्वसाधारण लोकांत ७.६ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी, आणि विद्यार्थ्यांमध्ये २८.३ टक्के! विद्यार्थी का तर जागरणं, वेळीअवेळी झोपणं, टेन्शन. पुण्यात पेठांमध्ये कॉटबेसिसवर राहून एमपीएससी करणारी पोरं, हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करणारे, नाइट ड्युटीच्या नर्स, ही सगळी मंडळी यात बसतात. शिवाय हे घराण्यात पण चालतं, ब्रिटनमधल्या जुळ्या भावंडांच्या एका अभ्यासात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा निघाला. म्हणजे "आमच्या घराण्यालाच ते लागलंय" असं जे म्हणतात त्यात घराण्याचा भाग खरा असू शकतो बरं का, फक्त लागलेलं ते नसतं.

इथपर्यंत शरीराचं झालं. पण मला खरं बोलायचंय ते पुढचं.

हा अनुभव जगभर आहे. अमेरिकेतले डेव्हिड हफर्ड नावाचे लोकसंस्कृतीचे अभ्यासक कॅनडात न्यूफाउंडलंडला गेले होते, तिथे लोक म्हणतात रात्री म्हातारी चेटकीण येऊन छातीवर बसते. हफर्डना आधी वाटायचं की लोकांनी गोष्टी ऐकलेल्या असतात म्हणून तसं दिसतं, पण ज्यांनी असली गोष्ट कधी ऐकलीच नव्हती अशी माणसंही तोच अनुभव त्याच तपशिलाने सांगायला लागली. म्हणजे अनुभव आधी, गोष्ट नंतर. हे महत्त्वाचं आहे, कारण "अडाणी लोकांच्या कल्पना" म्हणून हे झटकून टाकता येत नाही. अनुभव खरा आहे आणि तो माणसाच्या शरीरातून येतो. त्याला नाव काय द्यायचं ते मात्र गाव देतं. जपानात कानाशिबारी, तुर्कस्तानात काराबासान, बंगालमध्ये बोबाय धरा, आपल्याकडे कोकणात कोणी देवचार म्हणेल, कोणी मुंजा, घाटावर कोणी हडळ म्हणेल, कोणी नुसतंच "काहीतरी बसलं होतं".

नुसतं नावच बदललं असतं तर प्रश्न नव्हता. पण नावासोबत भीती पण बदलते. जलाल आणि हार्वर्डचे डेव्हन हिंटन यांनी इजिप्त आणि डेन्मार्क या दोन देशांची तुलना केली. डेन्मार्कात लोक बहुधा म्हणत की थकवा असेल, झोप नीट नसेल, मेंदूचं काहीतरी. इजिप्तमध्ये जवळजवळ निम्मे, ४८ टक्के, म्हणाले की हे जिन्नाचं काम. आणि आता बघा, या प्रकारात आपण मरू अशी भीती डेन्मार्कमध्ये १६ टक्क्यांना वाटायची, इजिप्तमध्ये ५० टक्क्यांना. हा प्रकार झालेल्यांचं प्रमाणही तिथे जास्त, ४४ टक्के, डेन्मार्कमध्ये २५. इजिप्तमध्ये तो लांबतो पण जास्त वेळ असं त्यांना दिसलं.

जलाल यांचं म्हणणं असं की हे एक चक्र आहे. भूत येणार या भीतीने माणूस झोपायलाच घाबरतो, झोप तुटक होते, तुटक झोपेमुळे रेमची घडी विस्कटते, प्रकार पुन्हा होतो, त्यात तो दुप्पट घाबरतो, जोर लावून हलायला जातो, छातीवरचा दाब वाढल्यासारखा वाटतो, आणि सकाळी उठून म्हणतो बघा, सांगितलं होतं ना. भीती ही इथे नुसता परिणाम नाही, कारण पण आहे.

हे वाचून कुणी "मुसलमान देशांतच असं" म्हणत असेल तर थांबा. इटलीतल्या आब्रुत्झो भागात कॅथलिक लोक पांडाफेके नावाच्या दुष्टात्म्याचं नाव घेतात आणि पलंगाशी झाडू किंवा वाळूची पिशवी ठेवतात. आणि प्रॉटेस्टंट अमेरिकेत, १६९२ साली सेलममध्ये, जॉन लाउडर नावाच्या माणसाने कोर्टात साक्ष दिली की मध्यरात्री जाग आली तर चांदण्यात ब्रिजेट बिशप माझ्या पोटावर बसलेली स्वच्छ दिसली, तिने माझा गळा धरला, मला हलायची ताकद नव्हती. अशा साक्षींवर त्या बाईला १० जून १६९२ ला फाशी दिलं, सेलममधली ती पहिली फाशी. एका माणसाच्या झोपेतला प्रकार आणि दुसऱ्या माणसाचा जीव गेला. आपल्याकडे चेटकीण ठरवून बायकांना मारल्याच्या बातम्या आजही येतात, तेव्हा हे लांबचं नाही.

अजून एक प्रकरण सांगतो, पण ते नीट वाचा, घाईत वाचलं तर उगाच घाबराल. लाओसमधून युद्धानंतर अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग निर्वासितांमध्ये १९७७ पासून धडधाकट तरुण पुरुष झोपेत मरायला लागले. आग्नेय आशियातले सगळे निर्वासित धरून दहा-बारा वर्षांत असे शंभरहून जास्त मृत्यू झाले. ह्मोंग लोकांत झोपेत छातीवर बसणाऱ्या आत्म्याची श्रद्धा आहे, आणि तिकडे गावात त्यावर विधी करणारा शामान असायचा, पूर्वजांना नैवेद्य असायचा, इथे परक्या देशात फ्लॅटमध्ये काहीच करता येईना. शेली अॅडलर या अभ्यासिकेने त्या समाजात जाऊन मुलाखती घेतल्या आणि मांडलं की विधी करता न आल्याची दहशतही या मृत्यूंना हातभार लावत असावी. पुढे १९९२ मध्ये ब्रुगाडा भावांनी हृदयाच्या विजेतला एक जन्मजात दोष वर्णन केला, जो आग्नेय आशियात जास्त आढळतो आणि झोपेत हृदय थांबवू शकतो, आणि यातल्या बऱ्याच मृत्यूंमागे तोच असावा असं आता मानतात. म्हणजे मारणारं हृदय होतं. स्लीप पॅरालिसिसने माणूस मरत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण घराण्यात कोणी तरुण वयात झोपेत अचानक गेलं असेल तर एक ईसीजी जरूर काढून घ्या.

माझ्या एका आत्तेबहिणीचं सांगतो. नर्सिंगला होती, रात्रीची ड्युटी करून दुपारी हॉस्टेलवर येऊन झोपायची, उताणी, कारण कुशीवर झोपलं की पाठ धरायची. तिला हे व्हायला लागलं. पहिल्यांदा ती घरी बोलली तेव्हा आजीने काय केलं, मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, उशाखाली अडकित्ता ठेवला, म्हणाली, "बाळा, भीमरूपी म्हण आणि कुशीवर झोप, मी आहे ना इथे." ती त्या रात्री शांत झोपली. पुढे कोणीतरी नातेवाईक तिला एका बाबाकडे घेऊन गेले. त्याने सांगितलं विहिरीवरचा मुंजा मागे लागलाय, लग्न होईपर्यंत सोडणार नाही, अमावास्येला जास्त जोर करेल. पैसे घेतले ते घेतले, पण पोरगी त्यानंतर झोपेनाच. रात्रपाळी नसली तरी तीन-तीन वाजेपर्यंत जागी, लाइट चालू, आणि अमावास्या कॅलेंडरवर बघून ठेवायची. अर्थातच प्रकार वाढले. शेवटी कॉलेजमधल्या एका सिस्टर ट्यूटरने तिला बसवून सगळं समजावलं, झोप म्हणजे काय, स्नायू का सुटत नाहीत, पुढच्या वेळी पायाच्या अंगठ्यावर लक्ष दे. अजून होतं तिला कधीतरी, पण आता ती घाबरत नाही, दुसऱ्या दिवशी सहज सांगते की काल परत झालं. आणि भीमरूपी पण म्हणते, अडकित्ता मात्र आता सुपारीच्या डब्यात गेलाय.

आजी आणि बाबा दोघंही भूत मानणारेच, पण एकाने भीती काढली आणि एकाने भरली. श्रद्धेबद्दल बोलताना आपण नेमकं हेच विसरतो आणि "मानणारे" आणि "न मानणारे" असे दोनच गट पाडून भांडत बसतो. घरात बघा, आजी म्हणते देवाचं नाव घे, काका म्हणतात सगळं थोतांड, आई म्हणते डॉक्टरकडे पण जाऊ आणि देवळात पण जाऊ, आणि एखादा असा असतो जो देव मानतो पण भूत अजिबात मानत नाही, देव आहे तर भूत कशाला घाबरवेल म्हणतो. मी स्वतः भूत मानत नाही. पण नामस्मरण करून ज्याचा श्वास शांत होतो त्याला "हे बंद कर" म्हणायचा मला काही अधिकार वाटत नाही, कारण भीतीने तापलेल्या मेंदूला शांत करणं हेच तर इथे औषध आहे. कोणी भीमरूपी म्हणेल, कोणी आयतुल कुर्सी, गोव्यात कोणी आमच्या बापा म्हणेल, कोणी नुसते श्वास मोजेल. नास्तिक मित्रांना माझं सांगणं एवढंच की घाबरलेल्या माणसाला आधी धीर द्या, वाद नंतर घाला. आणि श्रद्धाळू मंडळींना सांगणं की तुमचा देव भीती घालवणारा असेल तर त्याच्या नावाने भीती विकणाऱ्याला घरात घेऊ नका.

धर्माच्या आतही ही जाणीव आहे. कॅथलिक चर्चने १९९९ मध्ये भूत काढायच्या विधीचे नियम नव्याने काढले, त्यात आजार आहे का हे आधी पारखून घ्यायचं स्पष्ट सांगितलंय आणि गरज पडली तर डॉक्टरांचं मत घ्यायचं. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनाव्याला मीरा दातार दर्गा आहे, तिथे "दवा आणि दुआ" नावाचा उपक्रम सुरू झाला, मुजावरांना मानसिक आजार ओळखायला शिकवलं आणि दर्ग्याच्याच आवारात डॉक्टर बसायला लागले, म्हणजे माणूस दुआ घेतो आणि तिथूनच गोळी पण घेतो. याची पार्श्वभूमी फार वाईट आहे, तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला दर्ग्याजवळच्या एका आश्रमात आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जागेवर जळून मेले. पळता आलं नाही त्यांना.

आणि आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. नरेंद्र दाभोलकरांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, काठीने-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं हे सगळं गुन्हा आहे, ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा आणि ५ हजार ते ५० हजार दंड. वारी, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, घरातली पूजा याला हा कायदा हात लावत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. तेव्हा "आमच्या श्रद्धेवर घाला" वगैरे जे पसरवतात ते खरं नाही. कुणाच्या घरात पोरीला असं कोणी मारझोड करून "उतरवत" असेल तर पोलिसांत जाता येतं, शेजाऱ्यालासुद्धा.

आता करायचं काय ते. प्रकार चालू असताना जोर लावून उठायला जाऊ नका, त्याने काही सुटत नाही आणि घबराट वाढते. मनात म्हणा की हे स्लीप पॅरालिसिस आहे, मिनिटभरात जाईल. छातीकडे आणि त्या आकृतीकडे लक्ष देऊ नका, डोळे मिटून घ्या, आणि मन एखाद्या चांगल्या गोष्टीवर लावा, देवाचं नाव, आईचा चेहरा, काहीही, जे तुम्हाला खरंच आवडतं ते. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या, खोल घ्यायला जाऊ नका. जलाल यांनी याच धर्तीवर एक पद्धत बसवलीय, समजून घेणं, घाबरायची गरज नाही हे मनाला सांगणं, आतल्या चांगल्या गोष्टीवर ध्यान, आणि स्नायू सैल सोडणं. नार्कोलेप्सी (दिवसा झोप आवरतच नाही असा मेंदूचा आजार) असलेल्या थोड्या रुग्णांवर केलेल्या छोट्या चाचणीत ज्यांनी ती केली त्यांचे प्रकार निम्म्याने कमी झाले. मोठ्या चाचण्या व्हायच्या आहेत, पण फुकट आहे आणि नुकसान काही नाही. बऱ्याच जणांना जीभ किंवा पायाचं बोट हलवायचा प्रयत्न केला की लवकर सुटतं.

रोजचं म्हणजे झोपेची वेळ एक ठेवा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा फार इकडे-तिकडे नको. कुशीवर झोपा, पाठीमागे लोड लावला की उताणं होत नाही. रात्री उशिरा चहा-कॉफी आणि दारू टाळा, दारूने झोप लागते पण पहाटेची झोप विस्कटते. रात्रपाळी असेल तर दिवसा खोली पूर्ण अंधारी करून सलग झोप घ्या, तुकड्या-तुकड्यात नको. आणि घरातल्यांनी, हाक मारून, खांद्याला हात लावून उठवा, घाबरू नका, त्याने काही "जिवाला धोका" होत नाही. शेजारच्या माणसाला आधीच सांगून ठेवा की माझ्या घशातून घरघर आली तर मला हलव.

वर्षातून एखाद्या वेळी होत असेल तर डॉक्टरची गरजही नाही. पण आठवड्याला व्हायला लागलं, किंवा दिवसा कुठेही झोप आवरत नसेल, जोरात हसताना किंवा रागावताना गुडघे एकदम लटपटत असतील, तर नार्कोलेप्सी आहे का ते बघायला पाहिजे, त्यासाठी न्यूरोलॉजिस्ट. खूप घोरणं आणि मधेच श्वास थांबून दचकून उठणं असेल तर स्लीप अॅप्निया, त्यासाठी छातीचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर, रात्रभराची स्लीप स्टडी करावी लागते, मोठ्या शहरांत बऱ्याच हॉस्पिटलांत होते. अपघात, मारहाण, अत्याचार, घरातला मृत्यू असं काही होऊन गेल्यावर हे सुरू झालं असेल तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जा. कंबोडियातून आलेल्या निर्वासितांवर हिंटन यांनी काम केलं तेव्हा आघातातून न सावरलेल्यांमध्ये हे प्रमाण कितीतरी जास्त दिसलं आणि काहींना छातीवर बसलेले ते कंबोडियात कत्तली करणाऱ्या ख्मेर रूज राजवटीचे सैनिक दिसायचे. डॉक्टरकडे गेल्यावर लाजून "झोप नीट लागत नाही" एवढंच सांगू नका, जाग आल्यावर हलता येत नाही, कोणीतरी दिसतं, किती वेळा होतं, कोणत्या कुशीवर होता, आदल्या रात्री किती झोपला होता, हे सगळं वहीत लिहून न्या आणि ती वही त्यांच्यापुढे ठेवा.